सृष्टीच्या छपराचं तांबं

१४ जून

नवी वही. जुनी दिवाळीतच संपली होती. मधल्या महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. सोलापूरच्या आमच्या बोर्डिंगमधल्या सिस्टर बर्नडेट म्हणायच्या, रोजनिशी अशी लिहावी की म्हातारपणी आपणच उघडली तरी तिच्यातली माणसं ओळखू यावीत. म्हणून आधी माणसं लिहिते. उमरग्याच्या या घरात आम्ही दोघीच राहतो, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई द्वारकाबाई. त्यांना मी आक्का म्हणते. दोघींचेही मालक गेले. माझी एकुलती एक सृष्टी अमेरिकेत ह्यूस्टनला असते. तिचा नवरा योगीराज आणि नऊ वर्षांची शिवांजली.

आज लिहायला बसले ते छपरामुळं. सकाळी सृष्टीचा फोन आला. आपली सकाळ म्हणजे तिची रात्र. तिच्या घराच्या छपरावर शेवाळ धरलंय. हिरवं नाही, काळं. वरून खाली शाई ओघळावी तसे पट्टे. तिनं फोटो पाठवला. तिथं समुद्र जवळ, हवा बाराही महिने दमट. सोसायटीनं नोटीस दिली आहे की छप्पर साफ करा नाहीतर बदला. जुनं झालंय, बदलावंच लागेल म्हणाली.

"मम्मी, शेवाळ न धरणारी कौलं मिळतात आता. पण प्रकार इतके आहेत की डोकं चालत नाही. तू बघतेस का जरा? माहिती पाठवते."

मला बरं वाटलं. तिचं घर घेताना, पडदे घेताना मला कुणी विचारलं नव्हतं.

योगीराज कुठं आहेत विचारलं. मीटिंगमध्ये म्हणाली. तिथं रात्रीचे नऊ वाजले होते. फार कामाचा माणूस.

१९ जून

चार दिवस वाचते आहे. सिस्टरांनी घोटून घेतलेलं इंग्रजी असं छपरासाठी उपयोगी पडेल, असं कधी वाटलं नव्हतं.

तिथली कौलं मातीची नसतात. डांबरात भिजवलेल्या जाड पुठ्ठ्यासारखे तुकडे, त्यावर बारीक दगडाचा रवा दाबलेला. त्यांना शिंगल म्हणतात. डांबर दाट करायला चुनखडीची पूड घालतात, आणि शेवाळ त्या चुन्यावरच पोसतं. म्हणून नव्या प्रकारांत रव्यामध्ये तांब्याचा मुलामा दिलेले कण मिसळतात. पाऊस पडला की थोडंसं तांबं विरघळतं, छपरावरून ओघळतं, आणि शेवाळ तग धरत नाही. स्वस्तातल्या मालात तांबं कमी, तिथं दहा वर्षांची हमी. चांगल्यात पंचवीस. फरक फक्त तांब्याचा.

आक्कांना समजावून सांगितलं. डांबर, वर रवा, रव्यात तांबं.

"म्हंजी घर हाय का रव्याचा लाडू?" आक्का म्हणाल्या. "आनि आपल्याकडं मातीचं माळवद हुतं तवा गवत उगवू नये म्हनून आमी दर साली मीठ टाकून तुडवायचो. कोन हमी देत हुतं?"

सृष्टीला लिहून पाठवलं, पंचवीस वर्षांवालंच घे. आयुष्यभराचं काम आहे. तिनं अंगठा पाठवला.

२७ जून

आज एक गंमत सापडली. सृष्टीनं छपराचे आणखी फोटो पाठवले. सगळीकडं काळे ओघळ, पण धुराड्याच्या बुडाला धातूचा पत्रा बसवलेला आहे, त्याच्या खाली मात्र एक रुंद पट्टा स्वच्छ, नव्यासारखा. फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. पत्र्यावरून येणाऱ्या पाण्यानं तेवढी जागा राखली आहे!

मग वाचलं. काही लोक छपराच्या शेंड्याला तांब्याच्या पट्ट्या मुद्दाम ठोकून घेतात. वरून पाणी गेलं की खालचं सारं छप्पर साफ राहतं.

मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. फळीवर सृष्टीच्या लग्नातला हंडा आहे. विमानात नेता येत नाही म्हणून इथंच राहिला, तेरा वर्षं. कळशी, घागर सगळं आहे, पण हंडा मोठा, जुन्या जाड तांब्याचा. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, 'चि. सौ. कां. सृष्टी व चि. योगीराज यांस आईवडिलांकडून', खाली तारीख. भांडीवाल्या बसप्पांच्या दुकानात त्यांच्या वडिलांनी छिन्नीनं घातलं होतं. ह्यांनी सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं होतं.

तांब्याच्या हंड्यात पाणी चार दिवस ठेवलं तरी आत बुळबुळीत होत नाही. प्लास्टिकच्या पिंपात तिसऱ्या दिवशी हात घालवत नाही. हे मला जन्मभर माहीत होतं, आणि छपराशी जोडायला एवढे दिवस लागले.

६ जुलै

रंग निवडायचा होता. तिनं बारा रंगांचं पान पाठवलं. मला वीटकरी आवडला. आमच्या बोर्डिंगच्या चॅपेलवर मंगलोरी कौलं होती, पावसात ती जास्तच लाल दिसायची. मी फोनवर त्याबद्दल बरंच बोलले. चॅपेलच्या मागं मेरीमातेची छोटी गुहा होती, तिथं जूनमध्ये हिरवं मखमल यायचं. दर शनिवारी दोन मुलींनी काथ्याच्या ब्रशनं ते घासायचं. माझी पाळी असली की मी मातेच्या पावलापाशी तळहाताएवढं शेवाळ ठेवून द्यायची. एवढं मऊ असायचं की काढवत नसे. सिस्टरांना दिसायचं, पण त्या काही बोलायच्या नाहीत.

सृष्टीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वीटकरी नको मम्मी. कुणालाही आवडेल असा सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या आवडीचा नको. कुणीही आलं तरी त्याला खटकू नये असा."

मग राखाडी ठरला. सगळ्यांना चालेल, पण जीव लावावा असं त्यात काही नाही. अमेरिकेत शेजाऱ्यांच्या डोळ्यांचाही विचार करावा लागत असेल.

१२ जुलै

शिवांजलीशी बोलले. मराठी बरी बोलते पोरगी, फक्त 'ळ' अडखळतो. म्हणाली, "आजी, आता माझे दोन पलंग आहेत. एक इथं, एक डॅडीकडं."

मी म्हटलं, वा, दोन दोन पलंग! तुझी आई लहानपणी दोन चुलतबहिणींच्या मध्ये झोपायची. सृष्टीनं पटकन फोन घेतला. आवाज बसल्यासारखा होता. तिथल्या दमट हवेचा त्रास म्हणाली. घरातही बुरशी धरत असेल. नवं छप्पर झालं की सगळं कोरडं होईल.

आक्का जवळच शेंगा फोडत बसल्या होत्या. "डॅडीकडं म्हंजी कुटं?" त्यांनी विचारलं.

"डॅडीच्या खोलीत असेल, आक्का. मोठी घरं असतात त्यांची."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

२९ जुलै, नागपंचमी

आक्कांशी बोलाचाली झाली. पुरणाची दिंडं उकडत होती. त्या म्हणाल्या, "कुमुद, जावय दिसंना झालाय फोनात. किती म्हयनं झालं?"

मी म्हटलं, कामं असतात.

"कामं माज्या भावाला बी हुती. त्यो बी असाच दिसंना झाला हुता. मंग कळलं, गुलबर्ग्याला दुसरं बिऱ्हाड हाय."

"आक्का, आपल्या सृष्टीबद्दल असं बोलू नका."

"मी सृष्टीबद्दल कुटं बोल्ले? मी फोनाबद्दल बोल्ले."

दुपारी त्या न जेवताच आडव्या झाल्या. संध्याकाळी मीच ताट घेऊन गेले. दोघींनी एका ताटात खाल्लं. त्यांचं आयुष्य कठीण गेलं. माणूस मग सगळीकडं तेच पाहतं.

तरी रात्री मी फोनमधले फोटो मागं मागं नेऊन पाहिले. शेवटचा तिघांचा फोटो गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला आहे. मग छपराचे आहेत, भरपूर.

८ ऑगस्ट

हंडा घेऊन बसप्पांच्या दुकानात गेले. सृष्टीला आधी विचारलं होतं. पहिल्यांदा नको म्हणाली, शिंगलमध्ये तांबं आहेच, पुरेल. मी म्हटलं, इथं फळीवर नुसता बसून आहे, तुझ्या घरावर तरी जाईल. मग म्हणाली, "पाठव मम्मी. तुला हवं असेल तर पाठव."

बसप्पांनी हंडा हातात घेतला, फिरवला आणि नाव दिसल्यावर थांबले. "बाई, हे आमच्या अप्पांच्या हातचं हाय. मोडीत घालताय व्हय?"

"मोडीत नाही. पट्ट्या करायच्यात. लेकीच्या छपराला."

"लग्नातल्या भांड्याला कात्री लावायची?" त्यांनी हंडा खाली ठेवला. "लेकीचं बरं हाय न्हवं?"

"बरं आहे म्हणूनच नवं छप्पर घालतेय ना."

त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. पण दुकानाबाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते, गिऱ्हाईक उभं होतं. त्यांनी पत्र्याची कात्री काढली. एक मात्र केलं, नावाच्या वरून आणि खालून अशी कात्री चालवली की सगळं नाव एका पट्टीत अखंड आलं. उरलेल्याच्या दहा-बारा पट्ट्या झाल्या. लाकडावर ठेवून मोगरीनं सपाट केल्या. तांबं फार गोड वाजतं. पहिला ठोका पडला तेव्हा मला घरी जावंसं वाटलं, पण बसून राहिले.

परत येताना पिशवी जड होती. हंडा होता तेव्हा एवढा जड वाटला नव्हता.

१७ ऑगस्ट

वीरप्पा मास्तरांचा मुलगा युवराज तिकडंच ह्यूस्टनला नोकरीला आहे. सुटी संपवून निघाला होता, त्याच्याजवळ पट्ट्या दिल्या. जुन्या साडीत गुंडाळल्या आणि वर चिठ्ठी. कारागिराला सांग, पट्ट्या शेंड्याजवळ वरच्या ओळीखाली अर्ध्या सरकवून बसव, अर्धं तांबं बाहेर राहू दे. आणि नावाच्या पट्टीची नावाची बाजू खाली ठेव. वर ठेवली तर पावसानं झिजेल.

युवराज म्हणाला, "काकू, विमानतळावर काय सांगू? हंड्याचे तुकडे?"

"सांग, बहिणीच्या घराला माहेरचा आहेर आहे."

२५ ऑगस्ट

युवराजनं पट्ट्या पोचवल्या. घराचा फोटो काढून पाठवला, छपरावर माणसं काम करताहेत. अर्धं छप्पर राखाडी झालंय, अर्धं अजून काळं. खाली गवतात सृष्टी एकटीच उभी, वर बघतेय, हात कपाळावर. किती वाळली आहे! केस कापलेत.

अंगणात एक पाटी रोवलेली आहे. खालचा अर्धा भाग झुडपानं झाकलाय. वर एका गोऱ्या बाईचा हसरा फोटो आणि फोन नंबर. बहुतेक छपराची कंत्राटदारीण असेल. तिथं बायका असलीही कामं घेतात. सिस्टर बर्नडेट असत्या तर त्यांना आवडलं असतं.

आक्कांना फोटो दाखवला. "छपराच्या कामाला बाईचा फोटू कशाला लागतोय गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जाहिरात असते.

"कशाची?"

मी फोन ठेवून उठले. महालक्ष्म्यांची तयारी करायची होती.

१४ सप्टेंबर

असा पाऊस मी उमरग्यात कधी पाहिला नाही. थांबतच नाही. सोयाबीन शेतात उभ्या उभ्या काळं पडतंय. आमचं शेत बिराप्पा आणि नागूबाई नवराबायको वाट्यानं करतात. बिराप्पा आला होता, ओट्यावर बसून राहिला. चहा गार झाला तरी प्याला नाही. भूम-परांड्याकडं तर घरात पाणी शिरलंय म्हणे.

आणि आमच्या गच्चीवर शेवाळ आलं. खरंखुरं, हिरवंगार. जिथं आठ दिवसांनी नळाला पाणी येतं त्या गावात! जिन्याच्या पायऱ्या बुळबुळीत झाल्या आहेत. आक्का खुरपं घेऊन बसत बसत एकेक पायरी खरवडतात. मी सांगते, नका, पडाल. म्हणतात, "तुज्या लेकीला तांबं, आमाला खुरपं."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

सृष्टीला गच्चीचा फोटो पाठवला. पाहिल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. तिचं छप्पर पुरं झालंय. काम झालं तसे फोन कमी झाले. आधी एक दिवसाआड यायचे, आता आठवडा जातो. बोलायचं तरी काय, असं तिलाही होत असेल. शिंगल, खिळे, पन्हळ, सगळं बोलून झालं.

२८ सप्टेंबर

पाऊस. काही नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दर दिवाळीला आक्का चिंचेनं तांब्याची भांडी घासतात. या वर्षी फळीवर हंड्याच्या जागी गोल डाग राहिलाय. आक्कांनी तिथं कळशी ठेवून पाहिली, मग परत उचलली. शोभेना.

सृष्टीचा शुभेच्छांचा निरोप आला. चित्र होतं, पणतीचं, सगळ्यांना पाठवतात तसलं. पाडव्याला जावयाला फोन करायची रीत आहे, उद्या तो कामात असेल म्हणून मी आजच केला. योगीराजला, थेट. किती महिन्यांनी!

त्यानं लगेच उचलला. घाबरल्यासारखा वाटला. "मम्मी? सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक आहे, दिवाळीचा आशीर्वाद. त्यानं माझी तब्येत विचारली, मोठ्या आईंची, म्हणजे आक्कांची विचारली, पावसाचं विचारलं. पहिल्यासारखंच अदबीनं बोलला. मागं भांड्यांचा आवाज येत होता, त्याच्या हातचाच असावा. मी म्हटलं, छप्पर छान झालं ना? रंग मीच निवडला.

मागचा भांड्यांचा आवाज थांबला. मग म्हणाला, "हो, छान झालंय असं ऐकलं."

मग मी काय बोलले, आठवत नाही. फराळ पाठवीन असं काहीतरी.

ऐकलं.

२२ ऑक्टोबर

आक्कांना काही सांगितलं नाही. त्यांनी काही विचारलं नाही. दुपारी येऊन माझ्या डोक्याला तेल लावलं. मला सासरी येऊन चाळीस वर्षं झाली, कधी लावलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

सृष्टीला मी फोन केला नाही. भीती वाटत होती, मी विचारीन याची. आज तिचाच आला. खुर्चीवर बसलेली, मागं पांढरी भिंत आणि खोक्यांची चळत.

"मम्मी, घर विकलं."

मी विचारलं, "कधी?"

"गुरुवारी सह्या झाल्या. मी आता एका छोट्या फ्लॅटमध्ये आहे. शिवांजली चार दिवस माझ्याकडं, तीन दिवस त्याच्याकडं. वर्षभरापासून असंच चाललंय, फक्त कागद आत्ता झाले."

"छप्पर?"

"त्या छपरानं घर विकलंच जात नव्हतं. अंगणात विकायची पाटी लावली होती, पण बघायला आलेले लोक तिथूनच परत जायचे. विमा उतरवायलाही कुणी तयार नव्हतं. नवं घातलं, मग महिन्यात गिऱ्हाईक मिळालं."

तोंडातून निघालं ते भलतंच. "मग मला कशाला विचारलंस? रंग, हमी, सगळं? जे स्वस्त असेल ते घालून मोकळं व्हायचं."

"तुझ्याशी बोलायला काहीतरी पाहिजे होतं ना गं," ती म्हणाली. "दर वेळी फोन उचलला की वाटायचं आज सांगावं. तू शेवाळाचं काढायचीस. मला बरं वाटायचं. अर्धा तास घर आहे असं वाटायचं."

ती रडली नाही. तिनं रडून घेतलेलं असावं, माझ्याशिवाय.

मग मी पट्ट्यांचं विचारलं. त्या तरी काढून घेतल्या का?

"नाही मम्मी. त्या वरच आहेत. छपरासकट गेल्या."

"घर विकायचं माहीत होतं तर बसवल्यास कशाला, बाळ? जपून ठेवायच्या."

"कुठं ठेवू? त्या वेळी घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी चालली होती. चमचेसुद्धा. ही तुझी, ही माझी, ही निम्मी. त्यात हंडा घालू? अर्धा त्याला, अर्धा मला? त्यापेक्षा म्हटलं, जाऊ दे वर."

फोन झाल्यावर आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं." आणि मग, "पर म्या चुकीची ठरावी म्हनून रोज दिवा लावत हुते."

९ नोव्हेंबर

ये म्हटलं तिला. कायमची नाही तर महिनाभर तरी. म्हणाली, शिवांजलीला देश सोडून न्यायचं तर कोर्टाची परवानगी लागते, आणि तिला तीन दिवसांच्या वर सोडून राहवत नाही. मी येऊ का विचारलं. "फ्लॅट एकाच खोलीचा आहे, मम्मी. नंतर बघू."

मी म्हटलं, बरं.

नव्या फ्लॅटवर छप्पर कसलं आहे, असं विचारायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

३० नोव्हेंबर

गच्चीवरचं शेवाळ वाळून काळं झालंय. पापुद्रे सुटतात, वाऱ्यानं अंगणात येतात. आक्कांनी उरलेलं झाडून काढलं. मी कठड्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढं राहू दिलं. त्यांना दिसलं असणार.

१९ डिसेंबर, येळवस

येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं सगळे शेतात जेवतात. ज्यांना शेत नाही त्यांनाही कुणीतरी नेतं. आम्ही दोघी सकाळीच ऑटोनं गेलो. सोयाबीन गेलं, पण नंतरची ज्वारी बरी उभी आहे. बिराप्पानं कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोपी घातली होती, वरून नागूबाईची ठेवणीतली शाल पांघरली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून. आंबिलाचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं दोघींनी कालच करून ठेवलेलं. पहाटेचं दव अजून शालीवर होतं.

आठ वाजता सृष्टीचा फोन आला. शिवांजली तिच्याकडं होती. मी फोन फिरवून कोपी दाखवली.

"हे कुणाचं घर आहे, आजी?"

"देवाचं. आजच्या दिवसापुरतं."

"उद्या?"

"उद्या बैल खातील."

तिला ते फार आवडलं. सृष्टीही हसली. खोक्यांची चळत आता मागं दिसत नव्हती, भिंतीवर शिवांजलीनं काढलेलं चित्र लावलं होतं. चित्रात दोन घरं होती. छपरं दोन्हींची लाल.

आक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "जेवतीस का गं, सृष्टे? हाडं दिसाय लागलीत."

"जेवते, मोठी आई."

"काय जेवतीस? ती पावाची चकती?"

शिवांजली उठून गेली तेव्हा मी विचारलं. दीड महिना मनात होतं, त्या घराबद्दल मला तेवढंच जाणून घ्यायचं राहिलं होतं. "सृष्टी, नावाची पट्टी त्यांनी खालच्या बाजूनं बसवली होती ना? मी चिठ्ठीत लिहिलं होतं तशी?"

तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"कारागिरानं वरून ओरडून विचारलं होतं, अक्षरं कुठल्या बाजूला. मी वर सांगितली, मम्मी."

"वर? मग झिजेल की."

"म्हणूनच."

शिवांजली परत आली, मग आंबिलाचं बोलणं निघालं. फोन ठेवल्यावर मी कोपीपाशी बसून राहिले. ऊन चढत होतं, शालीवरचं दव वाळून गेलं. बिराप्पा आंबिलाचा तांब्या घेऊन ज्वारीच्या कडेनं शिंपडत चालला होता, मागून नागूबाई.

आक्कांनी सगळं ऐकलं होतं. बराच वेळ त्या उंड्यांवरच्या माश्या पदरानं वारत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती दिस लागत्यात गं, पावसानं नाव पुसाया?"

"कंपनी पंचवीस वर्षं सांगते, आक्का."

"तवर तिचं छपार साफ ऱ्हाईल म्हन."

"तिचं नाही आता."

"ज्याचं आसंल त्याचं," आक्का म्हणाल्या, आणि माझ्या ताटात उंडा ठेवला.